तुझ्या मनगटावरची ती पट्टी

मिलिंद, तू गेलास आणि परवा तुझा साप सहा फुटांचा झाला.

मी नाही केला तो तेवढा. शपथेवर सांगतो, या खेपेला मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. क्रिमेटोरियममधून परत आल्यावर आपल्या मंडळाच्या स्लाऊच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत चहाचे कप धरून उभे होते, आणि आपले कांबळेसाहेब ब्रॅकनेलहून आलेल्या दोघा आयटीवाल्यांना सांगत होते, "सहा फुटी नाग होता. सहाराचा. विष सात वर्षं अंगात दबा धरून बसलं होतं, शेवटी त्यानं डाव साधला."

"नाग नाही बे, व्हायपर. आणि दीड फूट." हे वाक्य तू सात वर्षांत निदान सात हजार वेळा म्हणाला असशील. परवा ते म्हणायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मी कप तोंडाला लावला.

तुझं हृदय थांबलं, रविवारी सकाळी, बुटाची नाडी बांधताना. सापाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले, तुझी लेक यशूही म्हणाली, आणि ती तर आता केंब्रिजला डॉक्टरीच शिकते. पण लोकांना तो साप हवा आहे. मीच त्यांना सवय लावली. दर भीमजयंतीला, दर बारशाला, दर पिकनिकला मी तो साप पेटीतून काढून लोकांपुढे ठेवला आणि दर वेळी वीतभर वाढवला. ज्या वर्षी हॉल मोठा मिळाला त्या वर्षी तो पाच फुटांचा होता. तू पहिल्या रांगेत बसून हसायचास. माझं बोलणं संपत आलं की तू डावा हात वर करायचास, तीन बोटांचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. आपला डबल अ‍ॅक्ट.

त्या डबल अ‍ॅक्टमधलं एक खोटं मला तुझ्याशी बोलून मोकळं करायचं आहे. सापाच्या लांबीचं नाही. ते माफ आहे, असं तूच एकदा म्हणाला होतास.

आपली ओळख उंदरांनी करून दिली. मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामातून व्हॅन काढायचो आणि बर्कशायरभर गोठवलेले उंदीर वाटायचो, म्हणजे पेट शॉप, प्राणिसंग्रहालयं, आणि ब्रॅकनेलच्या पलीकडे शेतात लपलेली तुमची ती विषाची लॅब. पहिल्या गुरुवारी तू दारात सही करताना माझं आडनाव वाचलंस आणि मराठीत विचारलंस, "कुठले बे तुम्ही?" मी म्हटलं, देवरुखकडचा, आमच्या गावात फुरशांची एवढी वस्ती की ग्रामपंचायतीत त्यांचा एक मेंबर असतो. तू पेन खाली ठेवून हसलास. नागपूरचा माणूस, मुंबईत सापांचं विष काढायला शिकलेला, आणि या थंड देशात हीटरखाली वाळवंटं सांभाळत बसलेला. त्या दिवशी माझे बाकीचे उंदीर उशिरा पोचले.

तू मला काचेतून तो साप दाखवलास तेव्हा मला तो दिसलाच नाही. पेटीत नुसती वाळू. "बघ," तू म्हणालास, "नीट बघ." मग वाळूत दोन डोळे दिसले आणि डोळ्यांवर दोन बारकी शिंगं. बाकीचं अंग वाळूखाली. तू सांगितलंस की, तो असाच पडून राहतो, उंदीर जवळ येईपर्यंत दिवसचे दिवस. डिवचला की अंगावरचे खवले एकमेकांवर घासतो, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज होतो. मी म्हटलं, "हे तर आमचं फुरसं." तू म्हणालास, "नात्यातलंच आहे. पण याला वाळू लागते आणि तुझ्या फुरशाला कोकणातली कातळं." असं बोलताना तू काचेवर बोट अगदी हळू टेकवलंस, एखादं तान्हं उठेल म्हणून. तुझ्या तोंडावरचा तो भाव मी नंतर कुठल्याच गोष्टीत घातला नाही. तो फुगवता येईना.

तो दिवस आता जसा होता तसा सांगतो. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तू तो असा कधी ऐकला नाहीस.

गुरुवार होता. तुमच्यात नियम, पेटी उघडायची ती दोघांनी. एकाने आकडी धरायची, दुसऱ्याने झाकणावर हात ठेवून नुसतं बघत राहायचं, बोलायचं नाही. तुझा जोडीदार फ्लूने घरी होता. सापाच्या डोळ्यावर जुन्या कातीचा तुकडा अडकला होता आणि तो तसाच राहिला तर डोळा जाईल म्हणून तू अस्वस्थ होतास. मी उंदरांची खोकी घेऊन आलो. तू म्हणालास, "वशा, दोन मिनिटं झाकणाशी उभा राहा. फक्त तोंड बंद ठेव." मला त्या खोलीत पाऊल ठेवायचीही परवानगी नव्हती, हे आपल्या दोघांना माहीत होतं. आणि मी तोंड बंद ठेवलं. माझ्यावर सगळे आरोप करा, पण तेव्हा मी गप्प होतो. तुझा चिमटा घसरला, बस. साप उडाला की काय झालं हे मला कळलंही नाही. तू फक्त "हं" म्हणालास, झाकण लावलंस, दोनदा तपासलंस आणि मग डाव्या हाताच्या तर्जनीकडे बघितलंस. दोन टिंबं. डास चावावा तशी.

आमच्या गावात साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं की पहिलं काम म्हणजे वरच्या बाजूला आवळून बांधायचं. सुतळी, धोतर, बैलाची दोरी, जे मिळेल ते. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. भिंतीवर लाल अक्षरांत तुमची सूचना होती, मी ती दर गुरुवारी वाचायचो. अँब्युलन्स बोलवा. हात हलवू नका. काहीही बांधू नका. माझ्या खिशात खोकी बंद करायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, एकदा ओढली की पुढेच जाते, मागे येत नाही ती जात. मी एक तुझ्या मनगटावर चढवली आणि कच्चकन ओढली.

"काय करून राहिला बे?" तू म्हणालास. "काप ते."

"गप्प बस, मला माहिताय."

अँब्युलन्सलाही मी फोन करू दिला नाही. ती येईपर्यंत आपण पोचतो, म्हटलं. तू उजव्या हाताने फ्रिजमधून अँटिव्हेनमचा डबा घेतलास आणि मी तुला उंदरांच्या व्हॅनमध्ये बसवलं. पुढे रस्त्याचं काम, मग ट्रॅक्टर, मग शाळा सुटलेली. चाळीस मिनिटं.

गोष्टीत तू त्या चाळीस मिनिटांत जोक सांगतोस. गोष्टीत तू म्हणतोस, "वशा, मेलो तर मागच्या उंदरांना माझ्या शोकसभेला बोलाव." हे वाक्य माझं, तुझ्या तोंडी मी घातलेलं. खरं म्हणजे तू काही बोलत नव्हतास. बोट आधी सुजलं, मग तळवा, मग सगळा हात रबरी हातमोज्यात पाणी भरावं तसा. मनगटाशी पट्टी आत रुतलेली आणि तिच्या खालचा रंग वांग्यासारखा. तू एकदा खिडकीतून बाहेर उलटी केलीस. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तू ते शर्टाच्या बाहीला पुसत होतास. आणि तू मला दुसऱ्यांदा म्हणालास, "काप, वशा." कटर माझ्या दाराच्या कप्प्यात होता. मी म्हटलं, सोडलं तर विष हृदयात जाईल. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग परत म्हणाला नाहीस.

स्टेजवर मी काय सांगायचो? "हा पठ्ठ्या दहा वेळा सोड सोड म्हणत होता, पण मी ऐकतोय कसला. म्हणून आज आपल्यात बसलाय." टाळ्या तिथेच पडायच्या.

हॉस्पिटलात नर्सने पट्टी कापली तेव्हा तू ओरडलास. डॉक्टरीणबाईंनी मनगटावरची खाच बघितली, तुझं ओळखपत्र बघितलं आणि चिडून विचारलं की, हे कुणी बांधलं. मी तोंड उघडलं. तू माझ्या आधी म्हणालास, "आय डिड."

त्या क्षणाची मला अजून उकल होत नाही. तुला उलट्या होत होत्या, तोंडात रक्त होतं, आणि तरी तू हिशेब केलास की, वशाचा व्हिसा अजून कच्चा आहे, वशा त्या खोलीत नव्हताच असं झालं पाहिजे. मला उसंतही न देता.

मग तू साधी काचेची नळी मागवलीस. त्या बाईंनी कधी वाळवंटातला साप चावलेला माणूस बघितला नव्हता, आणि तू त्यांना अडखळत शिकवत होतास. रक्त काचेत घ्या, वीस मिनिटं हलवू नका, मग कलती करा. गोठलं तर बरं. लॅबचे रिपोर्ट येत राहतील, पण हे आत्ता कळेल. नळी खिडकीच्या कठड्यावर एका कपात उभी ठेवली आणि तू मला म्हणालास, "हिच्यावर लक्ष ठेव. हात लावायचा नाही. बोलायचं नाही." वीस मिनिटं, मिलिंद. मी जन्मात एवढा वेळ गप्प बसलो नव्हतो. समोर तुझं रक्त, बोटभर, गडद, शांत. मी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात विनवत होतो, गोठ रे बाबा. घड्याळ झालं. बाईंनी नळी कलती केली आणि ते सरबतासारखं वाहिलं. पातळ, एक गुठळी नाही. तू ते बघितलंस आणि डोळे मिटून म्हणालास, "आता डबा उघडा."

ही वीस मिनिटं मी कुणालाच सांगितली नाहीत. यात माझं एकही वाक्य नाही, म्हणून असेल.

अँटिव्हेनमने तू वाचलास. पट्टीने नाही. हे मला त्याच आठवड्यात कळलं, सर्जन तुझ्या उशाशी उभे राहून बोलत होते आणि मी पडद्याआड संत्री सोलत होतो. ते म्हणाले, विषाने बोटाचं टोक कदाचित गेलंच असतं, पण बांधल्यामुळे विष एका जागी साचलं, रक्त बंद झालं, म्हणून दोन बोटं मुळापासून काढावी लागली. तू म्हणालास, "माय फॉल्ट." मी संत्रं सोलत राहिलो.

लॅबची चौकशी झाली. अनुभवी माणसाने पेटी एकट्याने उघडली, आणि वर स्वतःच्या हाताने नियम मोडून बांधलं. तुझं साप हाताळणं कायमचं बंद. तुला स्टोअरच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून दर गुरुवारी माझ्या उंदरांची पावती तूच फाडायचास, आणि सही करताना तुझी नजर मागच्या काचेच्या दाराकडे जायची. मला वाटायचं, आज तरी तू मला काही बोलशील. तू म्हणायचास, "चहा घेतो का?"

आणि मी काय केलं? सुजाता वहिनींनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये विचारलं, काय झालं हो भावोजी, तेव्हा मी घाबरून तेच म्हणालो जे आमच्या गावात म्हणतात. मी बांधलं, वहिनी, लगेच बांधलं. त्यांनी तिथेच माझे हात धरले. तिथून ती गोष्ट चालू झाली. एकच पट्टी. ब्रॅकनेलला तिचा दोष तुला, स्लाऊला तिचं कौतुक मला. तू एकदा डोळा मारून म्हणालासही, "ऑफिसात मी बांधली, मंडळात तू. वाटणी बरोबर आहे."

आपलं भांडण एकदाच झालं. हॉलमधून परत येताना, गाडीत. त्या दिवशी माझी गोष्ट संपल्यावर एका तरुण बापाने विचारलं होतं, "म्हणजे सुट्टीत गावी गेलो आणि असं झालं तर घट्ट बांधायचं ना?" मी हो म्हणालो. तू सिग्नलपर्यंत थांबलास.

"वशा, गोष्ट सांग. साप घोड्याएवढा कर. पण बांधायचं काढ त्यातून. कुणीतरी करेल तसं."

"ते काढलं तर गोष्टीत उरतं काय?"

"मी उरतो की."

मी हसण्यावारी नेलं. तू पण मग हसलास. पण दुसऱ्या दिवसापासून तू आसपासच्या शाळांत बोलायला जाऊ लागलास, हे मला फार उशिरा कळलं. मुलांपुढे हात धरायचास आणि म्हणायचास, मी बांधलं होतं, म्हणून हे असं झालं, तुम्ही बांधू नका. माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन तू तिचा धडा केलास. मी तिचा तमाशा केला. दर वर्षी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, ते खोटं न बोलण्याचं, तू माझ्याकडे तिरका बघायचास आणि मी छताकडे.

काल हॉलमध्ये तुझं पुण्यानुमोदन झालं, आधी वंदना आणि मग तुझ्या आठवणी. वहिनींनी आधीच सांगितलं होतं, "भावोजी, ती सापाची गोष्ट सांगा. त्यांना आवडायची." मी उभा राहिलो. सुरुवात नेहमीचीच केली, ग्रामपंचायतीतलं फुरसं वगैरे, लोक रडत रडत हसले. मग 'सोड सोड'पाशी आलो, आणि पुढचं वाक्य निघेना. समोरच्या तुझ्या फोटोमुळे नाही, तिसऱ्या रांगेत तो तरुण बाप बसला होता म्हणून. मी म्हणालो, बांधायचं नसतं. मी बांधलं म्हणून त्याची बोटं गेली. त्याने ते स्वतःवर घेतलं आणि त्याचं काम गेलं. मी सात वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं.

आणि काय झालं असेल? कुणी विश्वास ठेवला नाही. ज्याने आयुष्यभर फुग्यात हवा भरली, त्याने एक दगड दिला तर लोकांना तोही फुगाच वाटला. कांबळेसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "दुःखात माणूस स्वतःला बोल लावतो, वसंतराव." वहिनी म्हणाल्या, "दमलात तुम्ही. घरी जा." त्यांनी माझ्यासाठी डबासुद्धा भरला.

एकटी यशू मागे कार पार्कपर्यंत आली आणि तिच्या त्या इथे वाढलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, किती मिनिटं होता ती पट्टी?"

"चाळीस."

ती मान हलवत राहिली, जणू पुस्तकातलं काहीतरी मनात ताडून बघत होती. "आणि बाबा काप म्हणाला होता?"

"दोनदा."

"तुम्ही टेन सांगायचे."

"दोनदाच म्हणाला."

तुझे डोळे आहेत तिला. "मला खूप राग आली आहे, काका. खूप. अजून पण येणार. पण आईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. एकटे जाऊन. ती ऐकेपर्यंत."

म्हणून आज सकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनी चहा ठेवत होत्या. मी दारातच सगळं बोलून टाकलं, पट्टी, कटर, कॉरिडॉर, संत्री, पडदा. त्यांनी साखरेचा डबा उघडून तसाच हातात धरला.

"तुम्ही नेहमी सांगता, ते गाडीत जोक करत होते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"दुखत होतं त्यांना?"

मिलिंद, मी त्या क्षणी शंभर गोष्टी करू शकलो असतो. तू बेशुद्ध होतास म्हणू शकलो असतो. तू माझं नाव घेऊन काही थोर बोललास म्हणू शकलो असतो, आणि त्या बाईला ते आयुष्यभर पुरलं असतं.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "फार दुखत होतं."

त्यांनी गॅस बंद केला. खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता सुरुवातीपासून सांगा. हळू सांगा."